आधी नाव सांगा, मग क्लिक करते!

मंडळी, आमच्या कॉलेजात सध्या दोन नोटीस बोर्ड आहेत. एक एच.ओ.डी.च्या केबिनबाहेरचा, काचेचा, कुलूपवाला, ज्याची किल्ली शिपाईमामांच्या खिशात असते. दुसरा व्हॉट्सअ‍ॅपवरचा. त्याला ना काच ना कुलूप, आणि किल्ली कुणाकडे ते देवच जाणे. परीक्षेचा फॉर्म, वर्कशॉपचं रजिस्ट्रेशन, मेसचा सर्व्हे, फेस्टचे पास, सगळं आता या दुसऱ्या बोर्डावर येतं. आणि येतं कसं? सहा-सात अक्षरांची शेपटी लावून. मोठा एक्स, छोटा क्यू, तीन, मोठा आर... डोळे तपासायला गेलं की डॉक्टर भिंतीवरचा तक्ता वाचायला लावतात ना, अगदी तस्सं!

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कॉलेजच्या नावाने फिरणारी प्रत्येक छोटी लिंक कॉलेजच्या स्वतःच्या नावाची असली पाहिजे. मार्केटिंगवाले जिला 'ब्रँडेड शॉर्ट लिंक' म्हणतात तीच. फक्त त्यांना ती ज्या कारणासाठी हवी असते ते कारण मला मुळीच पटत नाही.

एक खुलासा. मी पक्की कॉन्व्हेंटवाली. बाराखडीच्या आधी नर्सरी ऱ्हाइम्स पाठ झालेल्यांपैकी. तरी हा लेख इंग्रजी विभागाला न देता मुद्दाम इथे दिलाय, कारण या प्रकरणात सगळ्यात जास्त अडचण मराठीचीच होते. कशी, ते पुढे येईलच. (ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादकांची!)

छोट्या लिंकचा जन्म मोठा मजेशीर आहे. केव्हिन गिल्बर्टसन नावाच्या अमेरिकन वेब डेव्हलपरला एकचाकी सायकल चालवायचा नाद. न्यूजग्रुपवरच्या पोस्टचे पत्ते भलतेच लांबलचक, आणि ईमेलमध्ये ओळ मोडली की लिंकही मोडायची. म्हणून २००२ मध्ये त्याने 'टायनीयूआरएल' सुरू केलं. मग २००६ मध्ये ट्विटर आलं. एसएमएसची मर्यादा १६० अक्षरं, त्यातली २० नावासाठी राखून ट्विटरने लिहायला दिली १४०. त्यातली शंभर लिंकनेच खाल्ली तर माणूस बोलणार काय, कपाळ? त्यामुळे छोट्या लिंका करून देणाऱ्यांचं पीकच आलं. २००८ मध्ये बिटली आलं, २००९ च्या अखेरीस गूगलचं 'गू डॉट जीएल' आलं (हे मराठीत मोठ्याने वाचू नये), आणि २०१० मध्ये ट्विटरने स्वतःचंच 'टी डॉट सीओ' काढलं. आता ट्विटरचं एक्स झालंय आणि तिथे लिंक कितीही लांब असो, ती २३ अक्षरांचीच धरतात. व्हॉट्सअ‍ॅपवर तर ही अडचण नाहीच.

म्हणजे गरज संपली? इंग्रजीत लिहिणाऱ्यांची बरीचशी संपली. आपली नाही.

कारण मराठी एसएमएसमध्ये १६० नव्हे, फक्त ७० अक्षरं मावतात. वेबच्या पत्त्यात तर याहून धमाल. देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, आणि पत्ता कॉपी केला की बऱ्याचदा प्रत्येक बाइटच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि पुढे दोन अक्षरं येतात. म्हणजे एका खुणेमागे नऊ. काना, वेलांटी, पाय मोडायची खूण, सगळ्यांचे वेगळे नऊ-नऊ! नुसत्या 'म'चं '%ई०%ए४%एई' होतं (हेच रोमनमध्ये, अर्थात). 'महाराष्ट्र' हा शब्द आपण चार अक्षरांत बोलून मोकळे होतो, पण कॉम्प्युटरच्या हिशेबाने त्यात दहा खुणा, म्हणजे नव्वद अक्षरं. मराठी विकिपीडियावरच्या 'महाराष्ट्र' या लेखाचा पत्ता असा पेस्ट केला तर पुढची तीस धरून १२० भरतो. इंग्रजीतला त्याच विषयाचा पत्ता ४१! आणि मराठीवाला दिसतो असा, की ग्रुपवरच्या काकांना वाटावं पोरीच्या मोबाइलला व्हायरस लागला.

या दुखण्यावर विकिमीडियाने काढलेला उपाय मला फार आवडतो. २०१९ पासून त्यांची स्वतःची छोटी लिंक आहे, 'डब्ल्यू डॉट विकी'. तिच्यात विकिमीडियाच्या साइट सोडून दुसऱ्या कुठल्याच साइटचा पत्ता घालता येत नाही. यूट्यूबचं 'यूटू डॉट बीई' तसंच, क्लिक केलं की यूट्यूबच उघडणार. माझ्या मते ब्रँडेड लिंकची खरी किंमत इथे आहे. ती कुठे नेते याच्याइतकंच, किंबहुना जास्त, ती कुठे नेऊच शकत नाही हे महत्त्वाचं. बिटलीची किंवा टायनीयूआरएलची साधी लिंक मात्र कुठेही नेऊ शकते. पोस्टात पेटी भाड्याने घ्यावी तसं आहे ते, पेटीचा नंबर कळतो, माणूस कळत नाही.

हे सगळं मला सुचायला एक कारण घडलं. मागच्या सेमिस्टरला फर्स्ट इयरच्या मुलींच्या ग्रुपवर स्कॉलरशिपच्या 'व्हेरिफिकेशन'ची लिंक आली. आमच्या हॉस्टेलच्या एका ज्युनिअरने ती भरली (नाव नको, बिचारीला आधीच खूप झालंय). 'परत मिळणारं शुल्क' म्हणून आधी पाचशे, मग तीन हजार गेले. वडील गावाकडून महिन्याला जेवढे पाठवतात त्याच्या जवळपास सगळे. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी ऑफिसात गेलो. उत्तर मिळालं, "ती लिंक आमची नव्हती. पाहून क्लिक करायचं ना!" त्यावर ती रडत नव्हती की भांडत नव्हती, तिने साधा प्रश्न विचारला, "सर, काय पाहायचं? तुमचीपण अशीच असते." आणि मोबाइलवर आधीच्या आठवड्यातली खरी नोटीस दाखवली. तीच सर्व्हिस, तशीच शेपटी, तसाच तक्ता. दोन्हींत खरी कुठली, हे आम्हा कॉम्प्युटरच्या थर्ड इयरवाल्यांनाही नुसतं बघून सांगता आलं नसतं. सर गप्प.

त्या प्रश्नाला उत्तर द्यायची जबाबदारी सतरा-अठरा वर्षांच्या मुलीची नाही, लिंक पाठवणाऱ्याची आहे. 'अनोळखी लिंक उघडू नका' असं ऑनबोर्डिंगच्या दिवशी स्लाइडवर दाखवायचं आणि वर्षभर स्वतःच अनोळखी दिसणाऱ्या लिंका पाठवायच्या, हा कुठला न्याय?

आता थोडं टेक्निकल, झेपेल तेवढंच. छोटी लिंक म्हणजे प्रत्यक्षात एक वही असते. डाव्या रकान्यात छोटी शेपटी, उजवीकडे खरा लांब पत्ता. तुम्ही क्लिक केलं की सर्व्हर वही उघडतो आणि ब्राउझरला म्हणतो, 'बाळ, तुला हवंय ते तिकडे आहे.' बास. २६ मोठी अक्षरं, २६ छोटी आणि १० आकडे, अशी ६२ चिन्हं घेतली तर सहा घरांत ५,६८० कोटींच्या आसपास शेपट्या होतात. आकडा मोठा वाटतो, पण कॉम्प्युटरला अंदाज लावत सुटायला तेवढा मोठा नाही. मार्टिन जॉर्जिएव्ह आणि विताली श्मातिकोव्ह या दोन संशोधकांनी २०१६ मध्ये हेच करून दाखवलं. शेपट्यांचे अंदाज लावत ते लोकांच्या वनड्राइव्हच्या फोल्डरांपर्यंत आणि गूगल मॅप्सवर कुणी कुठून कुठे जायचा रस्ता शोधला इथपर्यंत पोहोचले. तेव्हा इंटर्नल मार्कांची शीट ड्राइव्हवर 'लिंक असेल त्याला दिसेल' करून तिची छोटी लिंक फिरवणाऱ्या सरांनी कृपया नोंद घ्यावी!

वहीसोबत दुसरी गोष्ट म्हणजे पाटी, दुकानावर असते ती. डोमेनचं नाव ही पाटी. तिरक्या रेघेआधीचा भाग पाहायचा आणि उजवीकडून वाचायचा, कारण आपल्या नावात आडनाव शेवटी येतं तसंच इथेही आहे. शेवटी 'डॉट इन' असेल तर आडनाव भारताचं, 'डॉट बीई' बेल्जियमचं, 'डॉट टीओ' टोंगाचं. सुरुवातीला कॉलेजचं नाव मोठ्या अक्षरांत आणि शेवटी भलतंच काहीतरी असेल तर तो आपल्या घरचा नाही, आपल्या कुणाचं तरी पहिलं नाव लावून आलाय एवढंच. ज्युनिअर मंडळींनो, हे एवढं पाठ करा, डीएनएसचा चॅप्टर पुढे यायचा तेव्हा येईल.

आणि बिटलीतला 'एलवाय'? तो लिबियाचा! इंग्रजी शब्दाचा शेवट छान जुळतो म्हणून जगाने लिबियाचं आडनाव लावलं. २०१० मध्ये 'व्हीबी डॉट एलवाय' नावाची एक छोटी सेवा लिबियाच्या नोंदणीवाल्यांनी बंदच करून टाकली. तिथला मजकूर त्यांच्या कायद्यात आणि धर्मनियमांत बसत नाही म्हणे. चालवणारे अमेरिकेत, पण पाटीची मालकी त्रिपोलीत. करणार काय?

पाटी आणि वही, दोन्ही कुणाकडे आहेत हा एकच प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आणि इथेच फेस्टच्या मार्केटिंग हेडचं आणि माझं कँटीनमध्ये दोन कटिंग संपेपर्यंत वाजलं. त्याचं म्हणणं, फेस्टचं कडक शॉर्ट नाव असलेलं डोमेन घेऊ, पोस्टरवर भारी दिसतं, किती क्लिक आले, कुठल्या शहरातून आले, सगळं कळतं, स्पॉन्सरला दाखवता येतं. खोटं नाही त्यात काही. स्पॉन्सरशिवाय फेस्ट होत नाही हे मलाही कळतं. पण मी त्याला तीन वर्षांपूर्वीच्या फेस्टचं पोस्टर दाखवलं. त्या कमिटीने असंच भारी नाव घेतलं होतं, वर्षभराचे पैसे भरले आणि पास आउट होऊन गेले. पुढच्या कमिटीने दुसरं नाव घेतलं. जुनं सुटलं, कुणीतरी उचललं, आणि आज ती लिंक उघडली की सट्ट्याची साइट येते. वर आपल्या फेस्टचं नाव! साधी बिटलीची लिंक मेली असती तर निदान नुसती मेली असती. ब्रँडेड लिंक सोडून दिली की ती आपलं नाव घेऊन दुसऱ्याच्या घरी नांदायला जाते.

शिवाय या सेवा पैसे घेऊन आपलं डोमेन जोडून देतात तेव्हा पाटी आपली होते, पण वही त्यांच्याकडेच राहते. हप्ता थकला किंवा कंपनीनेच दुकान गुंडाळलं, की पाटी घेऊन बसा.

दुकान गुंडाळत नाहीत मोठ्या कंपन्या, असं कुणाला वाटत असेल तर लायब्ररीत जा. आपल्याच वार्षिक अंकांच्या बांधलेल्या फायली आहेत, धूळ झटका आणि २०१४ चा काढा. मेकॅनिकलच्या चौघा सीनियर्सनी उसाचं पाचट बारीक करायच्या यंत्रावर लेख लिहिलाय. फार सुंदर लेख आहे. गावातल्या लोहाराकडून पाती कशी करून घेतली, पहिल्या दिवशी शाफ्ट कसा वाकला, सगळं. शेवटी एक ओळ आहे, 'मोजमापं आणि आकृत्या इथे पाहाव्यात', आणि पुढे गूगलची छोटी लिंक. मी ती मोबाइलवर टाइप करून पाहिली. काहीही नाही.

गूगलने ही सेवा मार्च २०१९ अखेर बंद केली. आधीच्या लिंका चालू राहिल्या. मग २०२४ मध्ये जाहीर झालं की ऑगस्ट २०२५ मध्ये त्याही बंद होणार. ओरड झाल्यावर आयत्या वेळी थोडं मागे घेतलं, ज्या लिंका वापरात दिसतात त्या चालू ठेवू म्हणाले. पण लायब्ररीतल्या धुळकट अंकातली लिंक कोण वापरतंय? बघा ना, ज्यांना कुणी विचारत नाही त्याच नेमक्या गेल्या, आणि जपायला हव्या होत्या त्याच. त्या आकृत्या कदाचित अजूनही कुठल्या तरी ड्राइव्हवर धडधाकट पडून असतील. तिथवर जाणारी वाटच तेवढी पुसली गेली. त्या चौघांनी काय चुकीचं केलं? जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एकीवर भरवसा ठेवला, एवढंच. वही कॉलेजची असती तर उजव्या रकान्यात नवा पत्ता लिहायला एक मिनिट लागलं असतं.

"मग क्यूआर कोड लावा की," हे मला दर दोन दिवसांनी कुणीतरी सांगतं. अहो, क्यूआरच्या पोटातही लिंकच असते. उलट ती छोटी असली तर चौकटी कमी होतात आणि लांबूनही स्कॅन होतं. पण क्यूआर माणसाला वाचताच येत नाही, म्हणजे तिथे पाटीवरचं नाव झाकून ठेवल्यासारखंच. क्यूआरखाली लिंक छापा आणि नावाची छापा, मग माझी काही तक्रार नाही.

आता उपाय. नवीन नाव विकत घ्यायची गरजच नाही. आपल्या कॉलेजचं 'डॉट एसी डॉट इन' आहे ना? ते कुणालाही उठून घेता येत नाही, एर्नेटमार्फत शैक्षणिक संस्थांनाच मिळतं. त्याच्यापुढे एक छोटा शब्द जोडला की झालं काम, एक रुपया न भरता. कॉलेजचं डोमेन जिवंत आहे तोवर हेही जिवंत. फेस्टवाल्याचा आक्षेप, "लिंक पाच-सात अक्षरांनी मोठी होईल." होऊ दे! तिरक्या रेघेनंतर शेपटीच्या जागी 'फी', 'हॉस्टेल', 'स्कॉलरशिप' असे शब्द येऊ शकतात, ते माइकवरून सांगितले तरी कळतात. क्लिकही मोजता येतात, स्पॉन्सर खूश. वहीसाठी 'योर्ल्स' नावाचं मोफत सॉफ्टवेअर २००९ पासून आहे, पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालतं. आपल्या मिनी-प्रोजेक्टांत याहून अवघड गोष्टी (कागदावर) होतात.

खरं काम वेगळंच आहे, आणि ते कंटाळवाणं आहे. नवी लिंक कोण करणार, याला एक माणूस नेमायला हवा, नाहीतर आत कुणीही काहीही घालेल आणि कॉलेजच्या पाटीखाली फसवणूक सुरू होईल. एकदा वापरलेला शब्द दुसऱ्या कामाला द्यायचा नाही, जुन्या पोस्टरवरचा 'फेस्ट' नव्या ठिकाणी जाता कामा नये, वर्ष जोडा. आणि सगळ्या चालू लिंकांची यादी एका पानावर उघडी ठेवा, म्हणजे शंका आली की पोरं तिथे जाऊन बघतील.

मोठ्या पातळीवर हे शहाणपण आलेलं आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून ट्रायच्या आदेशाने कंपन्यांच्या एसएमएसमधून आधी नोंद न केलेली लिंक पुढे जाऊच देत नाहीत. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना 'डॉट बँक डॉट इन' हे वेगळं आडनावच दिलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे यायला सांगितलं. बँकेखेरीज कुणाला ते मिळत नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर ट्राय बसलेली नाही. तिथे आपणच.

तर आम्ही तिघींनी प्रिन्सिपल सरांना अर्ज दिलाय. ज्युनिअरची सही पहिली आहे. खाली २१४ सह्या झाल्या, त्यात मार्केटिंग हेडचीही आहे (तिसऱ्या कटिंगनंतर). कॉम्प्युटर सेंटरच्या सरांनी वाचून विचारलं, "एका दुपारचं काम आहे, करून देतो. पण कॉलेजच्या नावाआधी शब्द काय लावायचा ते ठरवून या." तिथे गाडी अडलीय. कुणाला 'गो' हवंय, कुणाला 'लिंक'. मी 'पाटी' सुचवलं होतं, अस्सल मराठी! पण रोमनमध्ये लिहिलं की ते 'पती' वाचलं जातं, आणि 'पती डॉट कॉलेज'वर जाऊन परीक्षेचा फॉर्म भरायला गर्ल्स हॉस्टेलने एकमताने नकार दिलाय.